सरगुंड्यांच्या काड्या

ओट्याखालून केराबरोबर काडीचा एक तुकडा बाहेर आला. करंगळीएवढा. अंगानं तपकिरी, गुळगुळीत, तेल पिऊन पिऊन चकचकीत झालेला — आणि जिथं करवत चालली होती तिथं मात्र पांढरा, कालच कापल्यासारखा. साधनानं चटकन त्यावर पाय ठेवला. मग तिला स्वतःचंच नवल वाटलं, कारण स्वयंपाकघरात ती एकटी होती. सासूबाई बाहेरच्या खोलीत पलंगावर मान मागं टाकून डोळ्यांत थेंब घालून घेत होत्या आणि गोपाल त्यांच्या उशाशी उभा राहून, ‘आई, हलू नको’ म्हणत होता. तळपायाखाली तुकडा टोचत राहिला. भिंत सजवून दीड महिना झाला, मी इथं रोज दोनदा झाडते, आणि हा कुठं दडून बसला होता... आजचाच दिवस बरा सापडला त्याला.

आजचाच, कारण काल संध्याकाळी डॉक्टरांनी सासूबाईंचा काळा चष्मा काढला होता. दहा दिवसांपूर्वी गोपालनं त्यांना मोर्शीकडच्या गावाहून इथं अकोल्याला आणलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि काल रिक्षातून उतरल्यावर त्या जठारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या एकेक अक्षर लावत वाचत घरी आल्या होत्या. ‘मले आता मुंगीचे पाय बी दिसते,’ असं गोपालला सांगत होत्या. गोपाल हसत होता. साधनाही हसली होती, आणि हसताना तिच्या मनात एकच होतं — उद्या सकाळी या स्वयंपाकघरात येतील.

भिंत समोरच होती. तिनं तुकडा कुर्त्याच्या खिशात टाकला आणि नको नको म्हणत भिंतीकडे पाहिलं. जुनी पितळी चाळणी, कान तुटलेले तीन कप, डब्यांच्या झाकणांवर काढलेली वेलबुट्टी, निळ्या रंगात बुडवलेला लाकडी रवीचा दांडा. आणि मधोमध सूर्य. गोल आरसा, त्याला जुन्या परातीचा काठ, आणि काठाभोवती काड्या — एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. मोबाईलवर पाहून केलेला. सोसायटीच्या महिला मंडळानं ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा ठेवली होती, तिच्यात या भिंतीला पहिला नंबर मिळाला होता. बायका येऊन बाकी सगळं बघायच्या आणि सूर्याशी थांबायच्या. रंग कसला आहे, म्हणायच्या. रंग दिलेलाच नव्हता. साठ-सत्तर उन्हाळे कणीक आणि तेलाचा हात फिरल्यावर काडीला जो रंग चढतो, तो होता. बाजारात असा मिळत नाही, हे काड्या हातात घेताक्षणीच तिला कळलं होतं, आणि म्हणूनच... म्हणूनच तर.

गोपालला तिनं सांगितलं होतं, ‘माळ्यावर कसल्या तरी जुन्या काड्या होत्या, मला वाटलं वाया चालल्यात.’ तो पाहतच राहिला होता, मग म्हणाला, ‘अगं, सरगुंड्याच्या होत्या त्या आईच्या. जाऊ दे. तुला काय माहीत, तुम्ही अमरावतीचे वकील लोक!’ आणि विषय संपला. किती सोपं केलं होतं त्यानं. तुला काय माहीत. मला माहीत होतं, गोपाल. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली ती जुडी सोडतानाच माहीत होतं. करवत पहिल्या काडीवर टेकवली तेव्हा क्षणभर थांबलेसुद्धा होते मी, आणि मग म्हटलं, आता कोण करतंय सरगुंडे.

बावीस वर्षांपूर्वीचा तो पहिला उन्हाळा — अंगणात बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात एक काडी, कणकेची बारीक दोरी ओढत ओढत काडीवर गुंडाळायची आणि अलगद ओढून काढायची, की वेटोळं तसंच्या तसं ताटात. ती वाळवायची, उकडायची, आंब्याच्या रसाबरोबर खायची. साधनाचं वेटोळं दर वेळी तुटायचं. बायका हसायच्या आणि सासूबाई तिचा हात धरून हळूच काडी फिरवायच्या. त्याच आठवड्यात तिचे बाबा लेकीला भेटायला आले, बरोबर कोर्टातले एक स्नेही. ताटात सरगुंडे आले. आणि ती — वीस-बावीस वर्षांची, त्या स्नेह्यांसमोर लाजेनं अर्धी झालेली — हलक्या आवाजात म्हणाली, ‘बाबा, तुम्ही नका खाऊ. यांच्याकडं हे असलंच असतं. मी पोळी देते.’ मागं वळली तर दारात सासूबाई रसाचं पातेलं घेऊन उभ्या. त्या आत गेल्या आणि स्वतः दोन गरम पोळ्या लाटून आणून वाढल्या. त्याबद्दल एक शब्द त्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही. आणि सहा वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तेव्हा काड्यांची जुडी पोटच्या लेकीला, आरतीला न देता तिलाच दिली होती — ‘माह्या सासूच्या हायेत, तुयाजवळ राहू दे.’

‘काहून वं, सकायपासून खाली मान घालून काहून हिंडून राहिली?’

सासूबाई दारात होत्या. साधना दचकली. त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या, परात मांडीवर घेतली. ‘निधी परवा येऊन राहिली ना होस्टेलातून? चार सरगुंडे करून ठेवतो नातीसाठी. थ्या काड्या काढजो माळ्यावरून.’

‘हो आई, बघते,’ असं ती म्हणाली. हे तिनं का म्हटलं, तिलाच ठाऊक नाही. स्टूल ओढलं, चढली, आणि माळ्यावरची भांडी इकडची तिकडं करू लागली. पाण्याची जुनी कळशी, निधीच्या पाळण्यावरचं चिमणाळं, कुकरची रिंग... सगळं सरकवून त्यामागं बघितलं. काड्या तिच्या खांद्यापासून तीन हातांवर भिंतीवरच्या सूर्यात होत्या आणि ती माळ्यावर शोधत होती. खालून कणीक मळण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. तिला खाली पाहायचं धाडस झालं नाही. ओरडा ना, आई. एकदा ओरडा आणि मोकळ्या व्हा... मलाही मोकळं करा.

बेल वाजली. वरच्या मजल्यावरची प्रियदर्शनी मोबाईल घेऊन सरळ आत आली. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला नीट फोटो हवा होता. ‘अय्या, तुम्ही वर काय करताय? असू दे, असू दे.’ तिनं दोन फोटो काढले, जवळ गेली. ‘खरं सांगा हं आता, या काड्या कुठं मिळाल्या?’

‘बाजारात,’ साधना स्टुलावरूनच म्हणाली. ‘पाकीट मिळतं.’

‘असल्या? आणि हे काय, हिच्या टोकाला तर कणीक वाळलेली आहे...’

प्रियदर्शनीचं बोट काडीवर होतं. कूलरचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. साधनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

‘बाजारातल्याच हायेत बाई,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मीच संगं होती तवा. कनिक माह्या हाताची लागली असन, मघाशी हात लावून पाह्यलं ना मी.’

प्रियदर्शनी हसली, छान झालंय म्हणाली, गेली. दार लागल्याचा आवाज आला.

सहा किलोमीटर चालत जाऊन जास्त आलेले दोन रुपये दुकानदाराला परत करणारी ही बाई. गोपाल लहानपणी खोटं बोलला तर दिवसभर त्याच्याशी अबोला धरणारी. तिनं आता माझ्यासाठी... साधनाला वाटलं, हे स्टूल मोडून आपण खाली पडलो तर बरं होईल. निदान काहीतरी दुखेल.

‘उतर वं खाली, पडशीन,’ सासूबाई म्हणाल्या. ‘माळ्यावर नसन थे. नवा खराटा हाय का? त्याच्या चार काड्या धून दे.’

तिनं काड्या धुतल्या, पुसल्या, तेलाचा हात लावला. खाली बसली — भिंतीकडे पाठ करून. सासूबाईंनी दोरी ओढून नव्या काडीवर गुंडाळली. काढायला गेल्या तर वेटोळं चिकटलं, तुटलं. दुसरं तुटलं. हात थरथरत होते, पण दोष हातांचा नव्हता, हे दोघींनाही कळत होतं.

‘नवी काडी कनिक धरते,’ त्या स्वतःशीच बोलल्या. ‘लागतीन दोन-चार सालं.’

साधनाचा हात खिशात गेला. नको, नको म्हणत तिनं तो तुकडा बाहेर काढला, तेलात बुडवला, आणि कणकेची बारीक दोरी ओढून त्यावर गुंडाळू लागली. चार वेढे बसले. पाचव्याला जागाच नव्हती. तिनं हलकेच ओढलं, आणि तो एवढासा सरगुंडा न तुटता, न चिकटता तिच्या तळहातावर आला. आयुष्यात पहिल्यांदा नीट जमलेला.

सासूबाईंनी सरगुंड्याकडं पाहिलं. मग तुकड्याकडं, त्याच्या पांढऱ्या टोकाकडं. नव्या, स्वच्छ डोळ्यांनी, सावकाश.

‘आई,’ ती म्हणाली. ‘मला माहीत होतं. तेव्हाही... बाबा आले होते तेव्हाही मला...’

‘कनिक सुकून राहिली,’ सासूबाई म्हणाल्या, आणि तो इवलासा सरगुंडा तिच्या हातावरून उचलून ताटात मधोमध ठेवला. ‘हात चालव.’

तिनं पुन्हा दोरी ओढली. सकाळपासून तिला भीती होती ती त्यांना दिसेल याची. आता दिसलं होतं. आता रोज दिसणार होतं — चहा घेताना, भाजी निवडताना, आणि त्या काही बोलणार नव्हत्या. ऐकलं त्यांनी, की नाही ऐकलं? पुन्हा म्हणावं का... तिच्या बोटांत तुकडा फिरत होता, चार वेढे, चारच, आणि पुन्हा चार. आणि समोर सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.