तुम्ही ठरवा, काका

मित्रांनो, गोल बैठकीचं एक जुनं स्टूल आहे मी. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या एका दवाखान्यात माझी चाकं झिजली. पेशंट उंच पलंगावर बसतात आणि डॉक्टर माझ्यावर.

२००१ साली मी नवंकोरं होतं, तेव्हा म्हातारे डॉक्टर वॉल्टर माझ्यावर बसायचे. पायाने रेटत मला थेट पेशंटपाशी न्यायचे, छाती तपासायचे आणि सांगायचे, "ही गोळी घ्या." झालं! कशासाठी, असं कुणी विचारलंच तर त्यांच्या कपाळावर आठी पडायची. डॉक्टरांना सगळं कळतं, आपण ऐकायचं, अशीच रीत होती.

मग लोक इंटरनेटवरून कागद छापून आणू लागले. हेच औषध का, दुसरा उपाय नाही का, असं विचारू लागले. चांगलंच झालं की! वॉल्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टर सुमेधाताई आल्या. ह्यूस्टनमध्ये जन्मलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या. पर्याय सांगायचे, निर्णय पेशंटचा, हे त्या कॉलेजातच शिकल्या होत्या. खोलीत कॉम्प्युटरही आला आणि माझी जागा भिंतीकडच्या टेबलापाशी गेली.

२००६ साली राजारामकाका नागपूरहून लेकीकडे आले होते. चालताना त्यांच्या छातीत दुखायचं. तपासणीत हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसली. ताई टाईप करता करता म्हणाल्या, "काका, गोळ्या वाढवता येतील किंवा रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, घालता येईल. तुम्ही ठरवा."

"तुम्ही म्हणाल तसं."

"नाही काका, इट्स युअर डिसिजन."

काका हात जोडून निघून गेले. त्यांचा उतरलेला चेहरा ताईंनी पाहिलाच नाही.

त्याच आठवड्यात त्यांची लेक निधी त्यांना अक्षरशः ओढत घेऊन आली. "डॉक्टर, बाबांनी गोळ्या बंद केल्यात! म्हणतात, तिकीट काढ, मरायचं तर घरी मरू."

"मग काय!" काका म्हणाले. "आशा असती तर डॉक्टरच बोलले असते ना? आमचे नागपूरचे डॉक्टर विचारत नाहीत, ओरडतात! हात टेकले की मगच म्हणतात, तुम्ही ठरवा."

ताईंचे कान लाल झाले. मलाही लाज वाटली. त्या दिवशी त्यांची पाठ काकांकडे होती आणि त्या माझ्यावरच बसल्या होत्या ना!

ताई मला सरकवत काकांसमोर आल्या, पण त्यांना मान वर करवेना. "चुकले, काका. मला वाटलं, मी तुम्हाला मान देतेय. माझे बाबा असते तर मी त्यांना उद्याच स्टेंटसाठी पाठवलं असतं."

"मग हे तेव्हाच बोलायला काय झालं होतं, पोरी?" काका पुढे झुकले. "फार दुखेल का गं?"

बाबांनी डॉक्टरांना काही विचारलेलं निधीने पहिल्यांदाच ऐकलं. ताईंनी सगळं नीट समजावलं. स्टेंट बसला, काका हिंडू-फिरू लागले. ताई मात्र पुढेही त्यांना पाहिलं की ओशाळायच्या.

म्हणून माझं एक सांगणं, मित्रांनो, आजी-आजोबांबरोबर दवाखान्यात गेलात तर कोपऱ्यात गेम खेळत बसू नका. ते विचारणार नाहीत, तुम्ही विचारा, "डॉक्टर, तुमचे बाबा असते तर?" आणि उत्तर येईपर्यंत आजोबांचा हात सोडू नका.