वरच्या मजल्याचं पाणी

"काकू, हिला बुरशी लागलीय." सिद्धार्थने फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून आत पाहिलं. "स्पिरिटने पुसून बघतो. पण वाचली तरी उघडायची कशात? आजचं कुठलंच सॉफ्टवेअर ही फाइल ओळखत नाही. सर ज्याच्यावर सर्किट काढायचे ना, तेच जुनं पाहिजे. सरांचा कम्प्युटर कुठाय?"

"गेला," राजलक्ष्मी म्हणाली आणि पर्सची चेन उगाचच उघडून परत लावली.

गेला नव्हता. तिनेच तो भंगारवाल्याला दिला होता. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याला, वीरेंद्रला, अर्धांगाचा झटका आला. तो इस्पितळात असताना गिरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत पलंगाला जागा करायची होती. कोपऱ्यातलं ते पिवळट धूड गेलं तेव्हा खोली मोठी झाल्यासारखं वाटून तिला बरंच वाटलं होतं. वीरेंद्र घरी आला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, वर जयवंतभाऊंची मोरी गळली. पाणी नेमकं कम्प्युटरवर. काही उरलं नाही."

त्याने नुसती मान हलवली. पण तेव्हापासून त्याने जयवंतशी बोलणं टाकलं. तरुणपणापासूनचा शेजार, दर रविवारची गप्पांची बैठक, सगळं थांबलं. जयवंत भेटायला आला की वीरेंद्र भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. आज खरं सांगून टाकायचं, असं राजलक्ष्मी रोज सकाळी ठरवायची आणि चहा उकळेपर्यंत तिचा धीर सुटायचा.

अशात दादरच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतून कादंबरीबाईंचा फोन आला. मुलांना ऐकायला शिकवायचं यंत्र बंद पडलं होतं. आतला बोर्ड जळला होता आणि ते बनवणारा कारखाना केव्हाच मिटला होता. "त्या बोर्डाचं ड्रॉइंग सरांनी केलं होतं ना? ते मिळालं तर नवा बोर्ड करून घेता येईल. लहान वर्गातली मुलं नुसती बसून आहेत हो."

"होतं," राजलक्ष्मीने विचारल्यावर वीरेंद्र अडखळत म्हणाला. "पाण्यात गेलं."

त्याच दुपारी तिने घर पालथं घातलं. कपाटावर दिवाळीच्या पणत्यांमागे फ्लॉप्यांचा डबा सापडला, आणि कोणाला न सांगता ती लॅमिंग्टन रोडला सिद्धार्थच्या दुकानी आली. वीरेंद्र सगळे सुटे भाग त्याच्याच वडिलांकडून घ्यायचा.

परतताना जिन्यात नेमका जयवंत भेटला. "काय वहिनी, एवढ्या उन्हाच्या कुठे?"

आणखी खोटं बोलायचं बळ तिच्यात नव्हतं. शाळेचं आणि सॉफ्टवेअरचं तेवढं तिने सांगितलं.

"अहो, मग आमच्या माझगावच्या वर्कशॉपात होतं की ते! वीरेंद्रनेच येऊन शिकवलेलं आमच्या लोकांना. रिटायर झालो तरी गेटवर ओळखतात मला. बघतो मी." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "वहिनी, माझं काही चुकलं का हो?"

"छे हो," ती म्हणाली आणि वर न बघता दाराची कडी काढू लागली.

जयवंतने माझगावला खेटे घातले. तिथल्या अडगळीतून त्याने त्या सॉफ्टवेअरच्या मूळ फ्लॉप्या शोधून आणल्या, आणि काडेपेटीएवढी एक डबीही. ती कम्प्युटरच्या मागे खोचल्याशिवाय ते सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. सिद्धार्थने दुकानातला एक म्हातारा कम्प्युटर झाडूनपुसून उभा केला, फ्लॉप्या एकेक पुसून वाचल्या, आणि रविवारी सकाळी सगळं टॅक्सीत घालून घरी आणून जोडून दिलं.

काळ्या पडद्यावर लाल-निळ्या रेघांचं जाळं उमटलं. वीरेंद्रचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. डाव्या हाताने माउस धरून तो त्या रेघांवरून सावकाश फिरू लागला. एका जागी थांबला.

"ही... ही चिप आता मिळत नाही. दुसरी बसवायला लागेल. दोन रेघा वळवतो. उद्या ये."

जीभ जड होती, पण बोलणं कामाचं होतं. कितीतरी दिवसांनी तिने ते ऐकलं. सिद्धार्थ गेल्यावर तिला राहवेना.

"हे जयवंतभाऊंनी शोधून आणलंय. त्यांची मोरी कधी गळलीच नव्हती. तुमचा कम्प्युटर मी भंगारात दिला."

"ठाऊक आहे." वीरेंद्रने पडद्यावरची नजर काढली नाही. "छताला डाग कुठे होता?"

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग त्यांच्याशी अबोला कशाला धरलात?"

"तोंड वाकडं झालंय माझं. लाळ गळते. त्याच्यापुढे तसं बसायचं... नको वाटायचं. तू कारण दिलंस. मी घेतलं." त्याने माउस बाजूला सारला. मग म्हणाला, "बोलव त्याला."

जयवंत आला आणि परक्याच्या घरी बसावं तसा स्टुलाच्या कडेवर टेकला. वीरेंद्रने स्वतःच सगळं सांगितलं, तिचंही आणि आपलंही, मधूनमधून रुमालाने ओठ टिपत. राजलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जयवंत चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मला वाटलं, माझ्या पायांचा त्रास होतो तुला," तो म्हणाला. "आजारी माणूस, डोक्यावर धडधड नको. म्हणून घरात चपला घालायच्या सोडल्या. नातवंडं येतात, त्यांना पळू देत नाही. जिनासुद्धा जपून चढतो."

राजलक्ष्मीने पातवड्यांची बशी पुढे केली. त्याने एक उचलली, शाळेचं यंत्र कधी सुरू होईल ते विचारलं, पडद्यावरच्या रेघा वाकून पाहिल्या आणि "सुरेख" म्हणाला. "येतो मग," म्हणत तो उठला.

दार लागलं. दोघंही नकळत कान देऊन बसली. लाकडी जिना इतका जुना की पाय जरा मोकळा पडला तरी करकरायचा. जयवंत एव्हाना वर पोहोचला असेल. आवाज काही आला नाही; तो अजूनही जपूनच चढला होता.