मधली मोकळी जागा

दिराने शब्द टाकला म्हणून वहिनींना त्याच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात मॅन्युअल लिहायची नोकरी मिळाली. सासूबाई आठवड्यातून एकदा तरी याची आठवण करून द्यायच्या.

या वेळी काम होतं दिरानेच लिहिलेल्या, कॉम्प्युटरवरचे फोल्डर पुसणाऱ्या एका कमांडचं. नको असलेल्या फोल्डरांची यादी तिला द्यायची. ती एकेक नाव वाचणार आणि पुसत जाणार. वहिनींनी लिहिण्याआधी ती स्वतः चालवून पाहिली. नावात मोकळी जागा असली की कमांड एका नावाची दोन नावं धरत होती आणि भलतंच काही पुसत होती. त्यांनी पहिल्याच पानावर ठळक इशारा लिहिला.

दिराने त्यावर लाल रेघ मारली. "वहिनी, हे वाचल्यावर आपला माल विकत घेणार कोण? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतोच आहे मी."

"तोवर तरी राहू द्या, भाऊजी."

"तुम्ही भाषा बघा. बाकीचं मी बघतो."

तीन महिन्यांनी एका संग्रहालयातल्या बाईंनी कमांडला यादी दिली. त्यात एक ओळ होती, 'टाकाऊ आवाज'. 'टाकाऊ' नावाचं तिथे काही नव्हतंच. 'आवाज' नावाचं फोल्डर मात्र होतं. अकरा वर्षं गावोगाव हिंडून टिपलेलं म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, सगळं पुसलं गेलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती आणि त्यातली बहुतेक माणसं आता हयात नव्हती.

चौकशी लागली तेव्हा दीर म्हणाला, "मॅन्युअलमध्ये लिहायचं राहून गेलं."

लाल रेघेचा कागद वहिनींच्या खणात होता. त्यांनी तो घरी आणून नवऱ्यापुढे ठेवला. त्याने वाचला आणि घडी घालून परत दिला. "त्याची बढती अडकलीय. तुझं काय जाणार आहे?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत."

इशारा लिहायचा आपल्याकडूनच राहिला, अशा माफीपत्रावर वहिनींनी सही केली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या बाईंचा फोन आला.

"भांडायला नाही केला फोन. एकच विचारायचंय. तुम्हाला आधी माहीत होतं का?"

दीर समोरच उभा होता.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग काय बोलणार. मला वाटलं, मीच नीट वाचलं नसेल. चार वेळा वाचून काढलं मी तुमचं मॅन्युअल."

फोन ठेवल्यावर दिराने स्वतः जाऊन त्यांच्यासाठी चहा आणला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. वहिनींनी तो निमूट प्यायला.