अनगोळातली चहाडखोर खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट हाय. अनगोळात मारुतीरावांच्या घरी माझा मुक्काम. आणि आधीच सांगून ठेवते, माझ्यासारखी चहाडखोर खाट अख्ख्या बेळगावात मिळायची न्हाय.

माझा जन्म उद्यमबागेतला, कारखान्यांच्या वस्तीतला. मारुतीरावांचं लगीन ठरलं तवा लोखंड ओतायच्या फौंड्रीतला त्यांचा दोस्त जोतिराम यानं भंगारातले पाइप जोडून मला वेल्डिंग केलं आणि आहेर म्हणून टेम्पोत घालून आणलं. एक जोड त्या बेण्यानं मुद्दाम ढिला ठेवला. नवरदेव पावण्यांसमोर ऐटीत बसायला गेले आणि मी केलं, कुईंऽऽ! सगळा मांडव हसला.

पुढं लेक ऋतिका पांघरुणात लपून मोबाइल बघायची. मी कुईं करायची आणि तिची आई आक्काताई धपाटा घालायची. "खाट न्हाय, पोलीस हाय ही!" म्हणायची. मी फुगून जायची.

मग मारुतीरावांना आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली. अंगाची पार काडी झाली. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आता रोग न्हाय. आक्काताईनं गल्लीभर पेढे वाटले. "सुटलास बघ, मारुतीअण्णा!" म्हणत सगळे खाऊन गेले.

आणि त्याच दिवसापासनं त्यांची झोप उडाली. पोटावर हात ठेवून पडायचे, गाठ लागतीया काय चाचपायचे. पोट जरा गुरगुरलं की घाम फुटायचा. कूस बदलली की मी कुईं करायची. खाली चटईवरनं आक्काताई विचारायची, "अवो, जागं हायसा?" की लगेच मारुतीराव घोरायला चालू! घुर्रऽऽ घुर्रऽऽ. चोर्ल्याच्या घाटात टेम्पो चढावा तसं. सगळं खोटं!

तशात जोतिराम आला. "मारत्या, सोमवारपासनं भट्टीवर ये. तुझ्याबिगर माझी जोडी कुणाशी जमत न्हाय."

ही जोडी म्हणजे काय, ठाव हाय? वितळलेल्या लोखंडाचं भांडं दोघांनी दोन्हीकडनं दांड्याला धरून न्यायचं. एकाला डुलकी लागली तर दोघांचे पाय जळणार.

"येतो की! घोडा झालोय," मारुतीराव हसले. आदल्या दिवशी बसल्या बसल्या डोळा लागून त्यांच्या हातनं चहाचा कप पडला होता. 'निसटला' म्हणून सांगितलं होतं.

मी आता जीव खाऊन ओरडणार होते. पण आक्काताई म्हणाली, "भावजी, ही खाट लई कुरकुरतीया. तिच्या कुईंनं माझी झोप मोडतीया बघा." जोतिरामनं तो जोड आवळला, ट्यूबचं रबर घातलं. माझं तोंडच बंद! जन्मभर फुकटच्या चहाड्या केल्या. एक चहाडी जिवाची होती, आणि तीच करता येईना. मारुतीराव तळमळायचे आणि मी नुसती मुकी. घर म्हणालं, गडी बरा झाला.

रविवारी दुपारी जोतिराम भट्टीवरचे नवे बूट घेऊन आला. पायांचा आवाज ऐकून मारुतीरावांनी घोरायला सुरवात केली. आक्काताई शेजारी बसून तांदूळ निवडत होती. एवढ्यात एक माशी मारुतीरावांच्या नाकावर बसली. त्यांनी घोरत घोरतच तिला हाणली.

जोतिराम खो खो हसत सुटला. "आयला मारत्या, झोपंत माशी मारतोस व्हय रं?"

आक्काताई हसली न्हाय. "हसू नगा, भावजी. सव्वीस वर्षांत ह्यो माणूस कधी घोरला न्हाय. गेल्या वर्षापासनं घोरतोय."

घोरणं थांबलं.

"म्हणजे तुला ठाव होतं?" मारुतीरावांनी डोळे उघडले.

"पहिल्या दिवसापासनं. विचारलं असतं आणि तुमी 'परत आलंय' म्हणाला असता तर? त्या भ्यानं मी तोंड शिवून पडत होते. मी तरी कुठं झोपतीया?"

मारुतीराव उठून बसले. त्यांनी माझा पाइप घट्ट धरला. "डोळा मिटला की वाटतंय, आत परत वाढाय लागलंय. पहारा करतोय गं मी. आणि हे सांगू कुणाला? पेढे खाल्ले की समद्यांनी!" आणि तो दांडगा गडी हुंदके देऊन रडायला लागला.

जोतिरामनं बूट उचलून काखेत मारले. "भट्टी कुठं पळून जात न्हाय. उद्या दवाखान्यात जाऊ. झोपंचं सांगू, भ्याचं सांगू."

"डॉक्टर हसतील रं."

"मी हसलो न्हवं? चुकलं माझं."

मित्रांनो, त्या रात्रीही मारुतीरावांना झोप लागली न्हाय. खोटं कशाला सांगू? पण घोरले न्हाईत. दोघं नवरा-बायको बोलत पडली होती.

मी लोखंडाची. आधार देते, विचारता येत न्हाय मला. तुमच्या घरात, गल्लीत कोण असल्या दुखण्यातनं उठलं असलं तर पेढा जरूर खा. पण मग त्याला विचारा, झोप लागतीया काय. तो "लागतीया की" म्हणाला तरी लगेच उठू नका. जरा बसून ऱ्हावा.