सराईच्या दारामागे नदी

आमच्या धाकट्याची एक खोड मला कधीच आवडली नाही. हाक मारली की "आलोच" म्हणतो आणि जागचा हलत नाही. बाहेर लाँड्रीत गिऱ्हाईक ताटकळतंय, इस्त्रीची वाफ तोंडावर येतेय, कामावरची बाई गठ्ठे बांधून कंबर धरून उभी, आणि हा मागच्या खोलीत काँप्युटरपुढे असा बसलेला, की डोक्यावर छत आलं तर आधी हातातली ओळ पुरी करेल आणि मग मरेल. चाळिशीला टेकलेला बाप्या आहे. नवऱ्यामागे हे दुकान मी चौथी शिकलेल्या बाईनं चालवलं, आणि माझ्या पोटी हा पदवीवाला आला. त्याला शर्टाची कॉलर आधी की बाही आधी, ते अजून विचारावं लागतं.

एकदा वैतागून विचारलं, की बाबा, रोज रोज काय करतोस तिथं? तर म्हणाला, "खेळातली लबाडी इकडची तिकडे करतो."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण ते खरंच होतं. टीव्हीला जोडायचे जुने खेळ असतात. त्यात आपला गडी मरू नये म्हणून आकड्या-अक्षरांचा एक कोड घालता येतो. भानगड अशी, की तोच खेळ दोन देशांत थोडा थोडा वेगळा निघालेला असतो, आणि इकडचा कोड तिकडे चालत नाही. मला समजावं म्हणून त्यानं आमच्याच फळ्या दाखवल्या. म्हणाला, एका दुकानात गिऱ्हाइकाची पँट दहाव्या खणात असते, दुसऱ्यात तीच बाराव्या खणात. कोड म्हणजे नुसता निरोप, की अमक्या खणात कायम अमुकच ठेव. मी असं काहीतरी बनवतोय, की त्यात इकडचा निरोप टाकला की तिकडच्या खणाचा होऊन बाहेर येईल. मी म्हटलं, आणि याचा पगार कोण देणार? तर हसला. कोणी नाही. हौस. जगभरात असेच हौशे बसलेत म्हणे, आणि ते याला शाबासकी देतात. शाबासकीवर तो जेवणसुद्धा विसरायचा.

हे सगळं मी चालू दिलं, कारण त्यातून माझ्या भावाचं काहीतरी भलं होतंय असं मला वाटलं.

माझा भाऊ दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचा. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बायको गेल्यावर पोरीनं बोलावलं तरी तिच्या गावी गेला नाही, माझ्या डोक्यावर येऊन राहिला, म्हणजे अक्षरशः डोक्यावर. त्याची पावलं मला खाली इस्त्री करताना ऐकू यायची. पुढे हात थरथरायला लागले. मग डॉक्टरांनी सांगितलं, की विसरणंही सुरू झालंय, पण थोडं आहे, घाबरू नका. रोजच्या ओळखीच्या जागेत हे गोंधळत नाहीत तोवर एकटे राहू देत. ओळखीचंच अनोळखी वाटायला लागलं, तर मात्र एकटं ठेवू नका. भाचीनं ते वाक्य घट्ट धरलं. तिच्या घराजवळ अशा माणसांना ठेवतात अशी एक संस्था होती. मला म्हणाली, आत्या, तसं काही दिसलं तर माझ्यापासून लपवायचं नाही.

भावानं मला एकच मागितलं होतं, "ताई, मला या खोलीतून हलवू देऊ नकोस." मी शब्द दिला होता. आणि माझा शब्द म्हणजे काय ते गल्लीतल्या कुणालाही विचारा.

त्याच्या खोलीत टीव्हीला तसलंच एक जुनं यंत्र होतं. एकच खेळ, वर्षानुवर्षं. त्यात एक वस्ती होती. विहीर, विहिरीवर एक म्हातारी, लोहाराचं दुकान, एक सराई, पलीकडे पूल आणि रान. रानात श्वापदं. भावाला ती वस्ती तळहातासारखी पाठ. कुणाचं घर कुठं, कोण कुठल्या खिडकीत, आत कुठला माठ फोडला की काय मिळतं. औषध घेतलं का हे त्याला आठवायचं नाही, पण सराईच्या वरच्या खोलीत कोण उतरलंय ते अचूक सांगायचा. म्हणायचा, माझं डोकं शाबूत आहे का ते मी रोज इथं फिरून बघतो.

हात थरथरायचे, म्हणून पुलापलीकडे गेला की श्वापद त्याला मारायचं. त्यानं भाच्याला विचारलं, तुझ्या त्या लबाडीतली थोडी मला दे. धाकट्यानं कोड बदलून आणून दिला. भावानं एवढंच विचारलं, यानं माझ्या वस्तीत काही हलणार नाही ना? धाकटा म्हणाला, "नाही मामा. हा फक्त जिवाला हात लावतो."

मग भाऊ खूश. पूल ओलांडून रानात गेला, वरून मला हाक मारून सांगितलंसुद्धा.

थोड्या दिवसांनी मी जेवणाचं ताट घेऊन गेले, तर नुसता पडद्याकडे बघत बसलेला. म्हणाला, विहिरीवर म्हातारी होती ना गं? मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी काय तिच्याकडे पाणी भरायला जाते? हसला नाही. पुढे लोहाराच्या दुकानात लोहाराऐवजी एक लहान मुलगी उभी दिसायला लागली, आणि ती काही बोलायचीच नाही. मग घरांची दारं चुकायला लागली. भाऊ एका घरात शिरायचा आणि दुसऱ्याच्या माडीवर निघायचा.

धाकटा तेव्हापासून रोज संध्याकाळी मामाकडे जाऊन बसायला लागला. आज काय चुकल्यासारखं वाटलं मामा? कुठल्या दारात? आधी तिथं काय होतं, नीट आठवून सांगा. आणि हा आणखी चांगला चालेल म्हणून मधूनमधून नवा कोड घालून जायचा. इतक्या मायेनं विचारायचा, की सून म्हणाली, बघा आई, यांना तुम्ही उगीच नावं ठेवता. मीही दोन बायकांपुढे मिरवलं, की पोरगा मामाचं किती करतो. सुनेनं ते सगळं भाचीला फोनवर सांगितलं, भाचीनं डॉक्टरांना. गोळ्या वाढल्या. गोळ्यांनी भाऊ दुपारचाही पेंगायला लागला.

मग ते खेळाबाहेर आलं. भाऊ खोलीच्या दाराशी जाऊन थांबायला लागला, उघडू की नको असा. जिना उतरताना प्रत्येक पायरीला पाय लावून बघायचा. रस्त्यापलीकडच्या न्हाव्याकडे जायचं सोडलं, दाढी वाढली. खाली मला पावलं ऐकू येईनाशी झाली. एकदा मी चहा घेऊन गेले तर माझ्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तू ताईच ना?" मी म्हटलं, नाही, राणी आहे, आता चहा पी. पण आतून हादरले होते.

शेवटी त्यानंच पोरीला फोन केला. ये, घेऊन जा, ओळखीचंच अनोळखी झालंय.

भाची यायची होती त्याच्या आदल्या दुपारी मी त्याची बॅग भरत होते. तो खेळत बसला होता, निरोप घेत असावा. मी म्हटलं, दाखव तरी मला काय चुकतंय ते. त्यानं सराई दाखवली. ही पाटी, हा कंदील, हे दार. गडी दारातून आत गेला, आणि आत नदी होती. खोली नाही, माणूस नाही, नुसतं काळं पाणी आणि त्याच्या मधोमध उभा आमचा गडी. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात त्याचे सगळे जीव शाबूत.

मी चष्मा पुसून परत बघितलं. नदीच होती.

"तुलाही दिसतेय?" त्यानं विचारलं, इतक्या हळू, की मला त्याच्याकडे बघवेना.

मी तशीच खाली आले. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. धाकटा कानांवर हेडफोन चढवून कुणाशी तरी बोलत होता, माझ्याकडे पाठ. म्हणत होता, की नाही, अजून जाहीर करू नको. खणांचा फरक शेवटपर्यंत सारखा नाही, अर्ध्यानंतर बदलतो, ते मला केव्हाच कळलंय. त्यापुढचे कोड भलत्याच जागी लिहितात, आणि खेळ जतन केला की ते तसंच राहतं. नेमकं कुठंकुठं बिघडतं ते एकदा सगळं हाती आलं, की दुरुस्त करून एकदमच टाकू. आणि मग हसून म्हणाला, "माझ्याकडे असा माणूस आहे, की ज्याला ती वस्ती दगडादगडानं पाठ आहे. एक दार हललं तरी सांगतो. त्याला नवीन कोड दिला, की संध्याकाळी मला उत्तर मिळतं."

मी त्याच्या कानांवरून ते ओढून काढलं. तो दचकला, आणि माझं तोंड बघून पांढरा पडला. आधी म्हणाला, आई, तुला यातलं कळणार नाही. मग म्हणाला, मामांना तसंही विसरायला होतंच. मग म्हणाला, एवढ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. तीन सबबी, आणि एकीतही मामाची काळजी नाही.

त्याच्या दंडाला धरून वर नेलं. सांग म्हटलं. त्यानं सांगितलं, अडखळत, खाली बघत, सगळं. म्हातारी खरंच गेली होती, दारं खरंच फिरली होती, मामा, तुमचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं.

भावानं शांतपणे ऐकून घेतलं. मग थरथरता हात उचलून त्याच्या केसांतून फिरवला. "किती जीव लावता रे," तो म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोस."

मी म्हटलं, अरे, मी डोळ्यांनी बघितलं. तर माझ्याकडे बघून हसला, लहान मुलाची समजूत काढताना हसतात तसा. त्याला शब्द दिलेली त्याची बहीण त्याला थांबवायला काहीही बोलेल, हे तो धरूनच बसला होता. धाकट्यानं कोड काढून टाकला आणि खेळ परत लावला. पण मोडलेलं मोडलेलंच जतन झालं होतं. दारामागे तीच नदी. भाऊ म्हणाला, बघ, अजून दिसतेच आहे मला.

दुसऱ्या दिवशी भाची आली. मी तिला सगळं सांगितलं, धाकट्यालाही उभं केलं. तिनं ऐकलं, तिचे डोळे भरले, पण ती म्हणाली, आत्या, आता ते स्वतःच इथं राहायला घाबरतात, त्यांना कुणाच्या भरवशावर ठेवू? भाऊ बापडा तिचा हात धरून जिना उतरला, प्रत्येक पायरी चाचपत. गाडीत बसताना मला म्हणाला, ताई, तू शब्द मोडलास असं समजू नकोस, मीच पुरा पडलो नाही.

गाडी वळणावरून गेली. धाकटा दुकानाच्या दारात उभा होता. चेहरा उतरलेला, खरा उतरलेला, खोटं कशाला सांगू. माझ्या जवळ आला आणि हळूच विचारलं, "आई, तू बरी आहेस ना?"

मी म्हटलं, "तुला घराबाहेर काढत नाही. जेवायला वाढीन, कपडे धुऊन देईन. ते तुझं दुरुस्त करून जगाला दे, हुशार आहेस, करशील. पण एवढं मात्र यापुढे मला विचारायचं नाहीस. मी बरी आहे का, मला काय होतंय, माझं काय चुकतंय, काही विचारायचं नाहीस. मेले तरी दारातून बघायचं आणि शेजारच्यांना बोलवायचं. तुझ्या तोंडून मायेचा शब्द आला की मला कळणार नाही, तू माझी काळजी करतोयस की माझ्यावर काही तपासून बघतोयस. आणि ते ओळखण्याइतकं डोकं माझं कुठवर शाबूत राहील, ते तुझ्यावर मी सोडणार नाही."