गाजरगवताचं मी चुलत भावंड

मित्रांनो, करमाडजवळच्या मुरमाड माळावर गुडघ्याएवढं उभं आहे ते झुडूप मीच. माझं नाव ग्वायुले. उच्चारताना जीभ अडखळली तरी चालेल, मी रागावणार नाही. माझे पूर्वज मेक्सिकोच्या वाळवंटातले. तिथली माणसं आमची साल चावून तिच्यातून रबर काढत आणि त्याचे चेंडू करत. मऊ जमीन आणि भरपूर पाणी मला सोसत नाही, मुळं कुजतात. दगडात लावा, उन्हात ठेवा, मी मजेत वाढतो.

मला इथं आणलं रत्नमालानं. ती शहरातल्या एका रोपवाटिकेत नोकरी करते. चाचणीसाठी मिळालेली आमची रोपं घरी आणून तिनं सासऱ्यांकडे, त्रिंबकनानांकडे, माळाचा पट्टा मागितला. नाना हसले. "तिथं कुसळं बी उगवत नाय. घे, खेळ!" दोन उन्हाळे आम्ही एका शब्दानं कुरकुरलो नाही. पानं राखाडी, खोड लाकडासारखं टणक. कौतुक कुणी केलं नाही आणि आम्हीही त्यासाठी अडून बसलो नाही.

यंदा पोळा झाल्यावर मला भरभरून पांढरी फुलं आली आणि तिथंच घात झाला.

शेजारच्या तुरीत कडूबाई बायका घेऊन खुरपायला आली होती. नाना माझ्यापुढं वाकले आणि गाजरगवत अंगाला लागावं तसे दचकून मागं सरले. त्या गवतानं दरवर्षी त्यांचे हात खाजून लाल होतात.

"कडूबाई, ही फुलं बघ. गाजरगवतच हाय हे!"

"व्हय की नाना! पानं तेवढी वायली दिसत्यात."

"आमच्या पोरीला कुणीतरी येड्यात काढलं. उपटा समदं!"

बायकांनी कंबर कसली. माझ्या ओळीतली पाच-सहा झुडपं मुळासकट बाहेर आली. मला संताप आला, मित्रांनो! हो, गाजरगवत माझं चुलत भावंड आहे. ते मी लपवत नाही आणि त्याची मला लाजही नाही. पण त्याच्या खोड्यांची शिक्षा मी का भोगावी? कडूबाईनं माझं खोड धरून हिसका दिला. मी मुरमात मुळं रोवून हललोच नाही.

तेवढ्यात स्कुटी टाकून रत्नमाला धावत आली. "मामा, थांबवा! नात्यातलं हाय, पण गाजरगवत नाय हे!"

"सख्खं असू दे नायतर चुलत. खानदान एकच ना!"

रत्नमालानं उपटलेलं एक झुडूप उचललं, त्याची साल सोलली आणि तोंडात टाकली.

"थूक! इख असंल ते!" नाना ओरडले.

ती चावतच राहिली. मग चोथा थुंकून तिनं दातांतला चिकट गोळा काढला आणि ताणला. सोडल्यावर तो पुन्हा आखडला. नानांनी गालातली तंबाखू थुंकली, साल चावली, तोंड वाकडं केलं. पण त्यांनी बोटांनी ओढलेला धागाही तसाच ताणला गेला.

"आयला, रबर हाय की!"

"मला आधी इचारायचं होतं, मामा." तिचे डोळे भरले होते. "माझी दोन वर्षं उपटली तुम्ही."

नाना पुढं झाले. त्यांनी कडूबाईच्या हातातलं खुरपं घेतलं आणि माझ्या बुडाशी सैल झालेला मुरूम स्वतः दाबून बसवला. हात खाजेल ही भीती असूनही.

मित्रांनो, थंडीत माझ्यात आणखी रबर भरेल आणि मग रत्नमाला कोयता घेऊन येईल. मला त्याचं भय नाही. कामासाठी मला खुशाल कापा, बुडख्यातून मी पुन्हा फुटेन. मला खत नको, सावली नको, तुमची दया तर मुळीच नको. पण एखाद्याचं खानदान बघून त्याला उपटायला हात घालाल, तर आधी त्याची साल चावून बघा. तेवढंही जमणार नसेल, तर माझ्या माळावर पाऊल ठेवू नका.