बोडी आणि गुणाबाईचा तांब्या

मित्रांनो, मी सावली तालुक्यातल्या एका गावातली जुनी बोडी आहे. धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांच्या, वरच्या अंगाला शेतकरी आपल्यापुरतं लहानसं तळं खोदतो, तीच बोडी. माझी मालकीण गुणाबाई, तिच्या आजेसासऱ्यांनी मला कुदळीने खोदलं. पाऊस सरल्यावर, लोंबी भरायच्या वेळी, धानाला शेवटचं पाणी द्यायचं, एवढंच माझं काम. ते मी खूप वर्षं नीट केलं. लोक कौतुक करत.

मग गाळ साचत गेला. कोणी काढला नाही. वरून मी भरलेली दिसे, पण शेवटच्या पाण्याला पुरत नसे. लोंब्या पोचट राहू लागल्या. गुणाबाईचा दीर लटारू म्हणाला, "वहिनी, औंदा काही जमलं नाई तं बोडी बुजवू. तेवढीच एक बांधी वाढन."

गुणाबाई गाळ काढायची सरकारी योजना शोधायला निघाली. ग्रामपंचायतीत म्हणाले, गावतलाव आमचा, बोडी तुमची. तालुक्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं. शेवटी कृषी सहायक संघप्रिया मॅडम भेटल्या. "जुन्या बोड्या खोल करून देतात, बाई. मी अर्ज भरते. साहेब पाहणीला येतील."

साहेब येणार म्हणताच गुणाबाईने माझ्यातली बेशरमाची झुडपं उपटली, काठाची पाळ चोपली, सडा घातला, रांगोळी काढली. लटारू हसला. "वहिनी, साहेब बोडी पाहाले येऊन राह्यले का नवरी?"

साहेब आले. पाळेवरूनच म्हणाले, "एवढी छान बोडी! पाणी काठोकाठ. हिला कशाला खोल करायचं?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. साहेब गाडीकडे वळले. सूर्याला पाणी दिल्याशिवाय गुणाबाई अन्न घेत नाही, आणि सकाळपासूनच्या गडबडीत ते राहूनच गेलं होतं. ती तांब्या घेऊन माझ्यात उतरली, नेहमीसारखी मधोमध.

साहेब ओरडले, "बाई, बुडाल!"

"यात काय बुडतो साहेब? इथी बगळाई नाई बुडत."

मधोमधही पाणी तिच्या पोटरीपर्यंतच होतं. तांब्या बुडवला तर चिखल घेऊन वर आला. तिने तो धुतला, वरवरचं पाणी ओंजळीने भरलं, सूर्याला दिलं आणि हात जोडले.

साहेब परतले. त्यांनी एक बांबू मागवून माझ्यात खुपसला. तो गाळात जातच राहिला.

उन्हाळ्यात यंत्र आलं. माझा गाळ बांध्यांत पसरला. पुढच्या हंगामात धानाला शेवटचं पाणी मी दिलं. लोंब्या वाकल्या. बुजवायची गोष्ट लटारूने पुन्हा काढली नाही.

मित्रांनो, तुमच्याही शिवारात माझ्यासारखी कोणी असेल. वरचं पाणी पाहून परतू नका, आत बांबू घालून पाहा. आणि पाहुणा येणार म्हणून आमचं दुखणं रांगोळीखाली झाकू नका.

गुणाबाई अजून रोज येते. आता मात्र काठावर बसूनच तांब्या भरते. तिला पोहता येत नाही ना!